कापलेला कोपरा

प्रतिभाबाईंनी लाल पेन वापरायचं सोडलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तसा विचार काही वाईट नव्हता. बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याच्या पलीकडे एक मराठी शाळा आहे. तिथे त्या सहा वर्षं शिकवत होत्या, आणि यंदा नववीतल्या तेवीस 'कच्च्या' मुलांचा वर्ग त्यांच्या गळ्यात पडला होता. कच्ची म्हणजे स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिता न येणारी. बोलायला त्यातलं एकही कच्चं नव्हतं. घरी एक भाषा, रस्त्यावर हिंदी, मोबाइलवर दोन्हींची खिचडी, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. पण वही उघडली की सगळ्यांची दातखीळ बसायची. जे काही उमटायचं, त्यावर आजवरच्या मास्तरांनी इतकी लाल शाई ओतली होती की पोराने लिहिलेलं कुठलं आणि मास्तरांनी लिहिलेलं कुठलं, ते ओळखू येत नव्हतं.

म्हणून बाईंनी ठरवलं, लाल शाई बंद. वाक्य चुकलं तर पानाला हात लावायचा नाही, शेजारी बसून पुन्हा लिहून घ्यायचं. आणि बरोबर आलं तर पर्समधली छोटी कात्री काढून पानाचा कोपरा कापायचा. कापलेला कोपरा म्हणजे पास. कापलेला कोपरा काही पुन्हा चिकटवता येत नाही, त्यामुळे तेच पान दोनदा दाखवायची सोयही राहत नव्हती. पोरांची नस बाईंना बरोबर ठाऊक होती.

आठवडाभरात मुलं त्या कोपऱ्यापायी वेडी झाली. "मॅडम, माझा कोपरा काटा ना," म्हणून मधल्या सुट्टीत रांग लागायची. निंबोल्याहून येणारा योगेश तर कापलेले तुकडे कंपासपेटीत साठवायचा आणि कोणाचे किती झाले याची मोजदाद ठेवायचा.

कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द कानावर पडले की पोरांचे चेहरे उतरतात, हे बाईंनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी फळ्यावर तीन चौकटी आखल्या. कोण? काय? काय केलं? आईने, भाकरी, थापली. बाबांनी, केळी, तोडली. तीनही चौकटी भरल्या की वाक्य झालं. इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी बाईंना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी सगळ्यात लहान वाक्य म्हणून फळ्यावर लिहिलं : मी आहे.

"मॅडम, हे अधुरं आहे," योगेश म्हणाला. "मी आहे, ठीक आहे, पण काय आहे?"

"काही नाही. नुसतं आहे."

"मग बीचवाली चौकट खाली राहिली ना. कुठं आहे ते तरी लिहायला पाहिजे. मी घरी आहे, मी बस स्टँडवर आहे."

"कुठेही असलास तरी आहेसच ना?"

"ते तर सगळ्यांना दिसतंच आहे, मॅडम. लिहायचं कशाला?"

वर्ग हसला. बाईंकडे याला उत्तर होतं, पण ते त्यांनाच नीट पटलेलं नव्हतं. असं वाक्य माणूस कधी आणि कोणाला लिहील? त्यांनी विषय बदलला. एवढ्या गोंधळात शेवटच्या बाकावरच्या पूर्णिमाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खोडलं नाही, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं.

कारण पूर्णिमा खोडायचीच. एक शब्द लिहायची, त्याच्याकडे बघायची, खोडायची. तास संपेपर्यंत पानाला भोक पडलेलं असायचं आणि अक्षर एक नाही. बहादरपूरच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी मराठीत दोनदा नापास झालेली. तोंडी विचारलं तर घड कधी उतरवायचा इथपासून रोपाला पाणी किती इथपर्यंत घडाघडा सांगणार. तिचे वडील समाधान एकदा शाळेत येऊन सांगून गेले होते, "मॅडम, सहामाहीपर्यंत पाहू. पोरीला लिहिणं आलं तर ठीक, नाही तर घरी बसू द्या. उगंच बसमध्ये ये-जा करून काय फायदा?" माणूस वाईट नव्हता, पण बोलेल ते करणारा होता. सहामाहीला दीड महिना उरला होता आणि तेवीस मुलांत एकही कोपरा न कापला गेलेली पूर्णिमा एकटीच होती.

बाईंना वाटलं, ही पोरं लिहीत नाहीत कारण वाचणारं कोणी नसतं. वहीतलं वाक्य वहीतच मरतं. तेव्हा खरंच कोणाला तरी लिहू द्यावं. त्यांनी मोठ्या पोस्टातून तेवीस पोस्टकार्डं आणि वर एक जादा आणलं, आणि सांगितलं, परगावच्या नातेवाइकाला पाच वाक्यं लिहा. मुलांनी पोस्टकार्ड पहिल्यांदाच हातात धरलं होतं. "मॅडम, हे बंद कुठून करायचं?" असंही एकाने विचारलं.

पूर्णिमाने आईच्या आईला लिहायचं ठरवलं. धुरपदाबाई, खकनारच्या पुढे एका खेड्यात राहणारी. कार्डावर खोडायला परवानगी नव्हती, म्हणून पूर्णिमाने तीन दिवस आधी मनात लिहिलं आणि चौथ्या दिवशी कार्डावर. आजी, मी पूर्णिमा. आमच्या केळीला घड आले. आई तुझी आठवण काढते. मी आता लिहिते. तू दिवाळीला ये.

बाईंनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले ते लपवण्यासाठी त्या उगाच पर्समध्ये कात्री शोधत राहिल्या. मग तिकिटाची बाजू सांभाळून त्यांनी कोपरा कापला. पूर्णिमाने तो तुकडा ओढणीच्या टोकात बांधला. त्या दिवशी बाईंनी तेवीसच्या तेवीस कार्डांचे कोपरे कापले आणि घरी जाताना ती कार्डं स्वतःच्या हाताने टपालपेटीत टाकली.

पुढच्या आठवड्यात विचित्र प्रकार सुरू झाले.

"मॅडम, माझ्या मामानं फोन केला," योगेशने सांगितलं. "कार्ड मिळालं का पुछलं तर काही बोललाच नाही. म्हणे, आजीला फोन दे. मग म्हणे आबाला दे. मग मम्मीला, मग छोटीला. सगळ्यांसंग बोलला आणि एकदम फोन ठेवला."

दुसऱ्या एका मुलीची आत्या कळवल्याशिवाय दारात उभी राहिली. रिकाम्या हाताने. राम राम नाही, काही नाही. ओट्यावर आजोबा चहा पीत बसलेले पाहिले, त्यांच्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं, मटकन खाली बसली आणि पाणी मागितलं. का आली ते विचारलं तर म्हणे, सहज. आणखी चौघा-पाचांच्या घरी फोन आले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, घरी सगळे आहेत ना? सगळे म्हणजे सगळे?

बाईही चक्रावल्या. पण माणसाला स्वतःच्या कामाचं कौतुक असलं की कुठल्याही कोड्याचं उत्तर त्याच्या सोयीचंच निघतं. बाईंनी काढलेलं उत्तर असं, की इतक्या वर्षांनी पोस्टाने आलेलं, हाताने लिहिलेलं कार्ड पाहून नातेवाइकांचं मन भरून आलं असणार. मुलांची साधी, चौकटीतली वाक्यं काळजाला भिडली असणार. त्यांनी हे मुख्याध्यापकांना सांगितलं, वर असंही सांगितलं की पुढच्या वर्षी सगळ्याच वर्गांत कार्डं लिहायला लावू. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांनाही काही कळलं नव्हतं.

गुरुवारी दुपारचा तास चालू होता आणि व्हरांड्यातून रडण्याचा आवाज आला. साधं रडणं नव्हे. गळा काढून, नाव घेऊन, माणूस गेल्यावर रडतात तसं. बाई धावत बाहेर आल्या. शाळेचे शिपाई मधुकरभाऊ एका म्हातारीला धरून बाकावर बसवत होते. नऊवारी लुगडं, एक गुडघा खरचटलेला, पायात चप्पल नाही.

"माही शारदा," म्हातारी म्हणत होती. "माही शारदा गेली व माय. घराले कुलूप हाय. नेली बी का तिले? मले तोंड बी नाही पाहू देलं."

वर्गातून पूर्णिमा बाहेर आली. "आजी?"

म्हातारीने तिला ओढून छातीशी धरलं आणि दुप्पट आवाजात रडू लागली. "पोरकी झाली व माही बाई." पूर्णिमा पांढरीफटक पडली. सकाळी आईने तिला डबा भरून दिला होता. डब्यात वांग्याची भाजी होती. त्यानंतर काय झालं? तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मधुकरभाऊंकडे. आईला काही झालं असेल, आणि ते खकनारच्या पुढे आधी कळलं आणि इथे नाही, असं कसं होईल? पण म्हातारी इतकी खात्रीने रडत होती की बाईंनाही ते खरं वाटू लागलं. त्यांनी समाधानना फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"समाधानभाऊ, शारदाताई कुठे आहेत?"

"इथंच. कापूस वेचू राहिली. काय झालं?"

"जिवंत आहेत ना?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी कसंबसं सांगितलं, शारदाताईंच्या आई शाळेत आल्या आहेत, दोघंही लगेच या.

"आजी, आई हाय. शेतात हाय," पूर्णिमा म्हणाली.

"मले फसवू नको," म्हातारी म्हणाली. "कार्ड आलं व्हतं."

"कार्ड मी लिहिलं होतं, आजी."

"तूच लिहिशीन ना. घरात दुसरं कोन हाय लिहिनारं? मायची खबर पोरीच्या हातानं." आणि तिने पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

बाईंना आता स्वतःचीच शंका येऊ लागली. कार्ड त्यांनी दोनदा वाचलं होतं. घड आले, आठवण काढते, दिवाळीला ये. यात मरणाचं काय होतं? त्यांनी म्हातारीजवळ बसून विचारलं, "आजी, कार्डात काय लिहिलं होतं?"

"वाचलं कोनं? पोस्टवाला पोऱ्या म्हने बहादरपूरचं हाय. हाती घेतलं तं कोपरा नाही. मंग वाचाचं काय राह्यलं? दारातच फाडलं, फेकलं, अन् उभ्या उभ्या निघाली. पोरगा वावरात व्हता, त्याची बी वाट नाही पाह्यली. बसमधून उतरतानी पडली."

मधुकरभाऊंनी हळूच बाईंना बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही कार्डाचे कोपरे कापले का?"

"हो. सगळ्यांचे. बरोबर होते म्हणून."

मधुकरभाऊंनी कपाळाला हात लावला. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि फोन नव्हते तेव्हाचे दिवस त्यांनी पाहिले होते. "कोपरा फाडेल कार्ड म्हणजे मयताची खबर, मॅडम. आमच्या टाइमाले असंच होतं. ज्याले वाचता नाही येत त्याले बी दुरून समजे. असं कार्ड घरात नेत नाहीत. वाचून दारातच फाडतात. काही लोक तर वाचत बी नाहीत."

बाईंच्या डोक्यात फोन, रिकाम्या हाताने आलेली आत्या, आजोबांकडे टक लावून बघणं, सगळं भराभर जागेवर बसलं. तेवीस घरी त्यांनी स्वतःच्या हाताने मरणाची खबर धाडली होती. आणि मुख्याध्यापकांना सांगून आल्या होत्या की पोरांची वाक्यं काळजाला भिडली. त्यांना इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बत्तीस वर्षं बुऱ्हाणपुरात काढून ही साधी गोष्ट आपल्याला माहीत नसावी? पण त्यांच्या जन्माआधीच घरी फोन आला होता, आणि कार्डावर आलेलं मरण त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

समाधानची मोटारसायकल फाटकातून आत आली. मागे बसलेल्या शारदाच्या ओढणीला कापूस चिकटलेला होता. म्हातारी उठली, दोन पावलं गेली, थांबली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, दंड चाचपले आणि मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेली नाही तं घराले कुलूप कायले लावते?" शारदाला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं.

समाधानना मात्र हसू आलं नाही. सासूचा गुडघा पाहून त्यांचा पारा चढला. मधुकरभाऊंनी कोपऱ्याची हकिकत सांगितली तसा आणखीनच चढला. "हे शिकवता मॅडम तुम्ही? म्हातारं माणूस रस्त्यात मेलं असतं. अन् हिला लिहिता येतं म्हणता, तर कुठं आहे लिहिलेलं? दाखवा ना."

दाखवायला काही नव्हतं. पूर्णिमाने आयुष्यात लिहिलेली पाच वाक्यं खकनारच्या पुढे एका दारात तुकडे होऊन पडली होती. कोणीही न वाचता.

"मी वाचली आहेत," बाई म्हणाल्या. "तिची स्वतःची होती."

"बोर्डावरून उतारली असतील. राहू द्या आता. सहामाहीची वाट पाहायची गरज नाही. चल गं, दप्तर घे."

पूर्णिमा वर्गात गेली. बाईंना वाटलं, संपलं. एका पोरीचं शिक्षण आपल्या कात्रीने कापलं. त्यांना समाधानपुढे हात जोडावेसे वाटले, पण जोडून म्हणणार काय?

पूर्णिमा परत आली तेव्हा खांद्यावर दप्तर होतं आणि हातात एक कोरं कार्ड. तेवीस कार्डांत एखादं खराब होईल म्हणून बाईंनी आणलेलं ते जादा कार्ड वर्गाच्या कपाटात होतं. तिने कोणाला विचारलं नाही. दप्तर मांडीवर घेऊन ती आजीच्या शेजारी बाकावर बसली आणि लिहायला लागली. व्हरांड्यात फळा नव्हता. बाई मुद्दाम चार हात लांब उभ्या राहिल्या. खिडकीत बावीस डोकी जमली होती आणि चमत्कार म्हणजे एकही बोलत नव्हतं. पूर्णिमा मधेच थांबायची, लिहिलेल्याकडे बघायची, आणि पुढे जायची. समाधान किल्ली हातात घेऊन उभे होते. दोनदा घड्याळ पाहिलं, पण चल म्हणाले नाहीत.

लिहून झाल्यावर ती उठली आणि सवयीने बाईंकडे आली. बाईंचा हातही सवयीने पर्समध्ये गेला. कात्रीला बोटं लागली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईंनी रिकामा हात बाहेर काढला. पूर्णिमा वळली आणि तिने कार्ड आजीला दिलं.

धुरपदाबाईला अक्षर येत नव्हतं. तिने कार्ड उलटंच धरलं. मग एका कोपऱ्यावर अंगठा ठेवला, दाबून पाहिला. दुसऱ्यावर ठेवला. तिसऱ्यावर. चौथा दोनदा चाचपला. मग ते जावयापुढे धरलं.

"वाचा आता, जवाईबापू."

समाधाननी कार्ड घेतलं. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत, मोठ्याने, अडखळत ते वाचू लागले.

"आजी, मी आहे. आई आहे. पप्पा आहेत. कोणी गेलं नाही." ते थांबले. शेवटची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. "तू चहा पिऊन जा."

खिडकीतून योगेश हळूच म्हणाला, "मॅडम, बीचवाली चौकट खालीच आहे."

धुरपदाबाईने जावयाच्या हातातून कार्ड काढून घेतलं. "हे घरात नेता येते," ती म्हणाली, आणि घडी न घालता ते चोळीत ठेवलं.

समाधाननी मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली आणि ते फाटकाकडे निघाले.

"कुठं चालले?" शारदाने विचारलं.

"चहा सांगतो," ते म्हणाले. "लिहिलं आहे ना तिनं." दोन पावलं जाऊन ते वळले. "पूर्णे, ते दप्तर ठेव वर्गात."